दहातलं सात

"तुम्ही किडे मारता म्हणे?" लग्नकार्यात कुणीतरी हटकून विचारतंच. नोकरीत होते तेव्हा विचारायचे, आता निवृत्त झाले तरी विचारतात. मी म्हणते, "मारत नाही हो. ते कधी येणार ते सांगते." समोरचा माणूस जिलबीचा तुकडा मोडता मोडता माझ्याकडे बघतो. बाई एवढी शिकली आणि शेवटी पंचांगच घेऊन बसली, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं असतं. चिकोडी-निपाणी भागातल्या गावांत तर मला नावच पडलं होतं, किड्यांची पंचांगवाली. पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा मी चिडले होते. पुढं सवय झाली. जोशीबुवा चुकले तर लोक ग्रहांना बोल लावतात. माझं चुकलं की थेट मला फोन.

मी वडगावची, विणकराच्या घरातली. घरात मागांचा खडखडाट एवढा, की आम्ही भावंडं अजूनही मोठ्यानंच बोलतो. शेतकी कॉलेजात कीटकशास्त्र घेतलं तेव्हा वडील म्हणाले होते, "किडाच धरायचा तर रेशमाचा तरी धर, घरच्या उपयोगाचा." मी धरला तो मका खाणारा. म्हणजे नोकरीची पहिली बरीच वर्षं साधी होती. भातावरचा तुडतुडा, तंबाखूवरची अळी, सगळी ओळखीची मंडळी. मग परदेशी किडी यायला लागल्या आणि त्यांच्याबरोबर माझं खरं काम आलं.

त्यातली सगळ्यात गाजलेली अमेरिकन लष्करी अळी. नावात अमेरिका आहे आणि लष्करही आहे, पुढचं सांगायला नकोच. भारतात ती पहिल्यांदा दिसली ती आपल्या कर्नाटकातच. हिचा पतंग करड्या रंगाचा, दिसायला अगदी गरीब. पण वारा अनुकूल असला तर एका रात्रीत पन्नास-साठ मैल सहज जातो. मादी मक्याच्या पानावर अंड्यांचा पुंजका घालते आणि वर स्वतःच्या अंगाची लव पसरते. दोन-चार दिवसांत अळ्या बाहेर येतात आणि पान खरवडायला लागतात, तेव्हा पानावर पांढऱ्या पारदर्शक खिडक्या दिसतात. अळीला मारायचं ते एवढ्याच दिवसांत. आणखी थोडी मोठी झाली की ती पोंग्यात शिरते, म्हणजे मक्याच्या कोवळ्या शेंड्यात. वर स्वतःच्या विष्ठेचा भुसा भरून दार लावून घेते. मग तुम्ही वरून काहीही ओता, बाईसाहेब आत सुखरूप.

म्हणून आधी कळलं पाहिजे. माझं काम तेवढंच. पतंग आत्ता कुठल्या भागात आहेत, वारा कुठं चाललाय आणि त्या वाटेवर कुठल्या गावातला मका कोवळा आहे, या तीन गोष्टी संगणकात घालायच्या आणि कुठल्या गावात कीड कधी उतरेल याचा अंदाज काढून नकाशावर मांडायचा. यालाच आम्ही मॉडेल म्हणतो. अळीचं वय आम्ही दिवसांत मोजत नाही, उष्णतेत मोजतो. उन्हाळ्यात डोशाचं पीठ लवकर फुगतं आणि थंडीत तासन् तास तसंच बसून राहतं, तसंच किडीचं. हे एकदा सांगितलं की बायकांना लगेच कळायचं. साहेब लोकांना मात्र आलेख काढून दाखवावा लागे.

आमच्या नकाशाचं एक दुखणं होतं. वाऱ्याला कर्नाटक-महाराष्ट्र कळत नाही, पण सरकारी आकडेवारीला कळतं. निपाणीच्या पुढं सीमा लागली की माझा नकाशा पांढरा पडायचा, जसं काही पलीकडं शेतीच नाही. पतंग मात्र बरेचदा तिकडूनच यायचे. मग कागल बाजूच्या एका ओळखीच्या अधिकाऱ्याला मी फोन करायची. तो आधी कोल्हापूरच्या पावसावर बोलायचा, मग माझ्या तब्येतीवर, आणि शेवटी एकदाचे आकडे द्यायचा. दोन राज्यांचा वाद कोर्टात असो की कुठं, आमचा व्यवहार असा तोंडी चालायचा.

गिऱ्हाइकं तर एकेक नमुने. खडेबाजारातला एक औषधवाला दर हंगामात यायचा. "मॅडम, नकाशा आदल्या दिशी मला दावा की. माल मागवायला बरं पडतंय." त्याला मी दारातूनच परत पाठवायची, आणि तोही न रागावता पुढच्या हंगामात पुन्हा यायचा. एका वरिष्ठांना नकाशात धोक्याचा लाल रंग फार दिसला की घाम फुटायचा. म्हणायचे, "लाल कमी करा, लोक घाबरतात." मी म्हटलं, "सर, अळीला सांगून बघते." यावर मला एक मेमो मिळाला. आणि खानापूरकडचा एक शेतकरी तर असा फोन करायचा की जणू मीच पाहुणे बोलावलेत. "मॅडम, तुमची अळी अजून आली न्हाय की हो. आमी हितं वाट बघत बसलाव."

पण हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं. एक गाव मात्र तसं गेलं नाही. त्याच्यासाठीच हे लिहायला बसले.

गावाचं नाव सांगत नाही, माणसांचीही नावं बदलली आहेत. चिकोडी तालुका संपता संपता, निपाणीच्या अंगाला हे गाव. शिवारातला शेवटचा बांध ओलांडला की महाराष्ट्र. तिथं कल्लाप्पा नावाच्या शेतकऱ्यानं माझ्या सापळ्यासाठी शेताचा कोपरा दिला होता. साठीला टेकलेला, उंच, आणि बोलायला लागला की थांबायचा नाही. सापळा म्हणजे प्लॅस्टिकचा साधा डबा, आत मादीच्या वासाची गोळी. त्या वासानं नर येतात आणि आत अडकतात. मी हे समजावलं तसा कल्लाप्पा म्हणाला, "म्हंजे बाईच्या वासानं मरतंय म्हणा की."

त्याची बायको रेणुकाक्का मागं गवत कापत होती. मान वर न करता म्हणाली, "माणसं तरी काय येगळी हाईत?"

मला हे घर तेव्हापासून आवडलं. दोन म्हशी, एक गाय, तिचं वासरू. मका लावायचा तो मुख्यतः वैरणीसाठी, कणसं निघतील ती वरकमाई. वर्षभर जनावरं त्यावर जगायची. गावात बहुतेकांचं असंच होतं.

या गावात आषाढात देवीचे वार पाळतात. आमच्या वडगावातही पाळतात, माग बंद ठेवतात, म्हणून मला त्यात नवल नव्हतं. मंगळवारी-शुक्रवारी शिवारात कुणी जायचं नाही. पण या गावाचा शेवटचा वार लांबलचक. मंगळवारी देवी गाभाऱ्यातून बाहेर येऊन बसते ती शुक्रवारपर्यंत. तेवढे दिवस शेतात कुणी पाऊल टाकायचं नाही, विळा-कोयता चालवायचा नाही, जनावरांची वैरणसुद्धा आधीच कापून घरात आणून ठेवायची. शुक्रवारी देवीपुढं नैवेद्य जातो आणि मग लाकडी गाडा ओढत शिवेवर नेतात. गावातली रोगराई गाड्यात बसवून शिवेपलीकडं सोडून यायची. आता शिव म्हणजे राज्याचीच सीमा. आमच्याकडचे लोक रोगराई महाराष्ट्रात सोडतात, पलीकडचं गाव त्यांचा गाडा कर्नाटकात आणून सोडतं. यावर दोन्ही गावांत कधी भांडण झाल्याचं ऐकलं नाही.

तो नैवेद्य डोक्यावर घेऊन सगळ्यांच्या पुढं चालायचा मान कल्लाप्पाच्या घराचा. आज्यापासून चालत आलेला. पोरींची लग्नं जमवताना पाहुणे आधी हेच विचारायचे, मानकऱ्याचं घर का म्हणून. कल्लाप्पा इतर बाबतीत थट्टेखोर, पण त्या शुक्रवारी गप्प असायचा. सकाळपासून उपाशी राहून, धुतलेलं धोतर नेसून तो देवळात जाऊन बसायचा.

पहिल्या वर्षी माझ्या नकाशावर ते गाव लाल झालं. पतंग सोमवारच्या सुमारास उतरणार, अंडी बुधवारच्या सुमारास फुटणार, आणि फवारायचे दिवस नेमके देवी बाहेर बसायचे. आधी फवारून उपयोग नाही, कारण अळीच नाही. नंतर फवारून उपयोग नाही, कारण ती पोंग्यात. मी जीप काढून गावात गेले. देवळापुढच्या कट्ट्यावर पंच बसले. परशरामअण्णा त्यांच्यात वडील, शांत माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "येणार का न्हाय, एवढं एक सांगा."

"दहातलं सात वेळा येईल, अण्णा."

"म्हंजे येणार."

"तसं नाही. दहातलं तीन वेळा येणार नाही."

"मग न्हाय येणार म्हणा की!"

"तसंही म्हणता येत नाही."

कट्ट्यावर हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "आमच्या म्हाताऱ्याला इचारलं तर त्यो बी असंच सांगतोय." मीही हसले. पण मी आकड्यावरून हलले नाही. नक्की येणार म्हटलं असतं तर काम सोपं झालं असतं, आणि ते खोटं झालं असतं. मला सात माहीत होतं, मी सात सांगितलं.

हसणं थांबलं. देवीचं मोडायचं कुणी आणि कुणाच्या नावावर, हा खरा प्रश्न होता. तेव्हा कल्लाप्पा उठला. "गावानं मोडायचं न्हाय," तो म्हणाला. "पर जनावरं मक्यावर हाईत. मका गेला तर उन्हाळ्यात त्येंच्या तोंडात काय द्यायचं? मी मानकरी हाय. पयलं पाऊल मी टाकतो. पाप लागलं तर मला लागू दे, माज्या नावावर घ्या." परशरामअण्णांनी देवळाकडं बघून हात जोडले. मग म्हणाले, "देवीपुढं नारळ ठेव आणि जा."

बुधवारी सकाळी कल्लाप्पा पंप पाठीवर घेऊन शेतात उतरला आणि त्याच्या मागून गाव उतरलं. अंडी नुकती फुटली असणार, खिडक्या दिसायला एखादा दिवस लागेल, असं धरून सगळे फवारत गेले. मी बांधावर उभी होते. खोटं कशाला बोलू, मला त्या दिवशी फार अभिमान वाटला. माझ्या आकड्यासाठी एका गावानं देवीचा वार मोडला होता.

अळी आली नाही. रविवारपासूनच पलीकडच्या भागात पाऊस लागला होता. पतंग वाटेतच बसले, जे थोडे पोचले त्यांची अंडी आमच्याकडच्या रात्रीच्या सरीत धुऊन गेली. हे मला मागाहून कळलं, कारण पलीकडच्या पावसाचे आकडे मागाहूनच आले. गावात लोक म्हणाले असते की फवारलं म्हणून वाचलो. पण शेजारच्या गावांनी वार पाळले होते, कुणी फवारलं नव्हतं, आणि त्यांच्याही मक्यावर अळी नव्हती. लहान पोरालासुद्धा समजेल असं ते होतं. वार फुकट मोडला.

आणि महिनाभरात जनावरांना गाठींचा रोग आला. अंगभर गाठी, ताप, वैरण सोडून उभी राहायची. तो रोग त्या वर्षी सगळीकडंच होता, वार पाळलेल्या गावांतही होता. माशा-डासांनी पसरतो तो. पण रोगराई शिवेबाहेर घालवायचा जो वार, तोच यांनी मोडला होता. कल्लाप्पाचं वासरू पहिल्या आठवड्यातच मेलं. लोकांनी त्यातही देवीचा हात बघितला. दसऱ्याच्या बैठकीत ठरलं की पुढच्या आषाढात नैवेद्य दुसऱ्या घरानं न्यायचा.

मला हे कळलं ते थंडीत, सापळ्याची गोळी बदलायला गेले तेव्हा. सांगितलं रेणुकाक्कानं. कल्लाप्पा गोठ्यात होता, बाहेरच येईना. आला तेव्हा म्हणाला, "असू दे मॅडम. देवीचं देवीला." आणि मक्याच्या भावावर बोलायला लागला. इतका पडलेला चेहरा मी त्याचा कधी बघितला नव्हता.

मी तडक परशरामअण्णांकडं गेले. माझा आवाज मागाच्या घरातला, चढला की चढतोच. म्हटलं, "रोग शेजारच्या गावात पण आला ना? त्यांनी वार पाळले होते ना? मग कल्लाप्पाचा काय दोष?" अण्णांनी मला बसायला पाट दिला. म्हणाले, "तुमी म्हणतासा ते खरं असंल. आणि कल्लाप्पाचं वाटोळं मी कशाला करू? पर ज्याच्या दावणीची गाय मेली, त्याला जाऊन मी काय सांगू? दहातलं किती म्हणू?" मी चहा पिऊन परत आले.

ऑफिसात याला चूक म्हणत नाहीत. दहातलं तीन वेळा येणार नाही असं सांगितलं होतं, हे वर्ष त्या तिनांत बसलं, एवढंच. अहवालात एक ओळ लागते. शास्त्र म्हणून ते बरोबरही आहे, मी आजही त्याच्या बाजूनं भांडेन. पण आकडा माझा होता आणि पाऊल त्याचं. एवढी एक गोष्ट अहवालात कुठल्या रकान्यात घालायची ते मला कधी कळलं नाही.

पुढच्या आषाढात नकाशावर ते गाव पुन्हा लाल झालं. मी आकडेमोड पुन्हा पुन्हा तपासली. देवाला म्हटलं, या वेळी चार येऊ दे, पाच येऊ दे. सातच. आणि दिवस पुन्हा देवी बाहेर बसायचेच, कारण पेरणी आणि आषाढ दोन्ही त्या भागात हातात हात घालूनच येतात.

रविवारी गावात गेले. या वेळी कट्ट्यावर कुणी जमलं नाही. रामराम केला, पाणी दिलं, आणि एकेक जण कामाला निघून गेला. कल्लाप्पानं घरी नेलं. "किती म्हणतंय यंदा तुमचं गणित?"

"सात."

तो हसला. "त्येला दुसरं काय येत न्हाय व्हय?"

चहा घेऊन आलेली रेणुकाक्का दारातच थांबली. "जावा म्हणते मी. फवारा. जे व्हायचं हुतं ते गेल्या साली झालं. आता घालवायला काय ऱ्हायलंय आपल्याकडं?"

"घालवायला न्हाय," कल्लाप्पा म्हणाला. "परत मिळायचं ऱ्हायलंय."

मग त्यानं मला सांगितलं. पंचांनी निरोप दिला होता, यंदा गप राहा, वार पाळ, शुक्रवारी बघू. नैवेद्य नेणारं दुसरं घरही राजी होतं, त्यांनाही तो मान जड झाला होता. एका बाजूला मका, दुसऱ्या बाजूला मान. आणि मका वाचेल याची खात्री नाही, मान मिळेल याचीही नाही. रेणुकाक्का कपबशा उचलताना म्हणाली, "जनावरं मान खात्यात व्हय?" कल्लाप्पा उठून गोठ्याकडं गेला. सोमवारी अंडी शोधून चिरडायला तेवढं दोघं शेतात फिरले. हाताला फार काही लागलं नाही, पतंग अजून उतरतच होते.

बुधवारी माझ्यानं राहवलं नाही. जीपमध्ये पंप टाकला, औषध टाकलं आणि गेले. रस्त्याला लागून कल्लाप्पाचं शेत. तो रस्त्यावरच उभा होता, हात पाठीमागं बांधून. शिवारात चिटपाखरू नव्हतं. बांधालगतच्या पहिल्या ओळीतच खिडक्या दिसल्या. एका पानावर पुंजका नुकताच फुटलेला, काळ्या डोक्याच्या बारीक अळ्या तोंडातल्या धाग्याला लोंबकळत होत्या आणि वाऱ्यावर शेजारच्या मक्याच्या ताटावर जात होत्या. हात लांब केला असता तर पानाला लागला असता.

"आप्पा, आली," मी म्हटलं.

"व्हय. सकाळीच बघितलं."

मी चपला काढल्या. म्हटलं, "तुम्ही जाऊ नका. मी जाते. मी काय तुमच्या गावची नाही, मला कोण काय म्हणणार?"

"मॅडम, नगा." तो पुढं आला आणि माझ्या आणि बांधाच्या मधे उभा राहिला. "तुमी गेलासा तरी गाव पाऊल माजंच म्हणणार. शेत माजं, तुमास्नी हितं आणलं मीच. पाया पडतो, नगा जाऊ."

तो खरंच वाकायला लागला. माझ्यापेक्षा वयानं मोठा माणूस. मी त्याचे हात धरले. मला राग आला होता, त्याचा, देवीचा, परशरामअण्णांचा, आणि सगळ्यात जास्त त्या सात आकड्याचा. रडूही येत होतं. मी चपला पायात घातल्या आणि आम्ही दोघं तिथं उभे राहिलो. पंप जीपमध्ये भरलेला, औषध जवळ, अळी डोळ्यांपुढं, फवारायचा दिवस अगदी नेमका. एवढं सगळं जुळून आलेलं मी नोकरीत फार वेळा बघितलं नाही. थोड्या वेळानं तो म्हणाला, "जावा मॅडम, ऊन व्हतंय." मी जीपमध्ये बसून निघाले.

शुक्रवारी मान परत मिळाला. मी गर्दीत मागं उभी होते. परशरामअण्णांनी स्वतः हाक मारली, "कल्लाप्पा, उचल रं," आणि कल्लाप्पानं नैवेद्याची पाटी डोक्यावर घेतली. हलगी वाजली, बायकांनी त्याच्या पायांवर पाणी घातलं. रेणुकाक्कानंही घातलं. त्याचा चेहरा बघून मला खरंच बरं वाटलं. गाडा शिवेपलीकडं गेला. शनिवारी उजाडताच सारं गाव पंप घेऊन शिवारात उतरलं. काहींचा मका थोडा वाचला. कल्लाप्पाचं शेत पतंगांच्या वाटेवर सगळ्यात पुढं, तिथं पोंग्यांची दारं लागून गेली होती.

पुढं मी मॉडेलमध्ये गावोगावचे वार घातले. ज्या गावात शिवार बंद असेल तिथं इशारा आधी जातो, पाळत आधी सुरू होते, आणि आषाढाच्या आधी पंचांबरोबर बसून काय करायचं ते ठरवून घेतात. या गावातही आता बसतात. त्या वर्षीचा माझा अंदाज नेमका ठरला म्हणून एका सभेत माझा सत्कार झाला, शालही मिळाली. इथं लेख संपवता आला असता. पण सुगीच्या वेळचं सांगायचं राहिलंय.

नुकसान किती ते बघायला मी सुगीला गेले होते. ताटं खुजी, पानं चाळणी झालेली, कणसं भरलेलीच नाहीत. वैरण म्हणून गोळा करायलाही फारसं काही नव्हतं. गोठ्यात एकच म्हैस, तीही आटलेली. दुसरी निपाणीच्या बाजारात गेली होती, आणि गाय गाठींनी अधू झालेली. कल्लाप्पानं मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. पाट मांडला, समोर बसला. अंगात जुना कल्लाप्पा परत आला होता, बोलतच होता. "मॅडम, तुमचं गणित मानलं आपण. सात म्हटलासा, सातच झालं. मी पंचास्नी बी सांगितलं, मॅडमचं यंदा बरोबर आलं म्हणून."

तो मनापासून खूश होता, माझ्यासाठी.

रेणुकाक्का भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी उलटून तिनं माझ्याकडं बघितलं. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. म्हणाली, "गावाच्या वाट्याला सात आलं, मॅडम. आमी गेल्या सालच्या तिनात बी हुतो आणि यंदाच्या सातात बी. आमच्या वाट्याला दहाच्या दहा आल्यात."

मी हातातला घास ताटात ठेवला.

"अगं, जेवू दे की त्यास्नी," कल्लाप्पा म्हणाला आणि उठून त्यानं स्वतःच्या हातानं माझ्या ताटात दही वाढलं. ते दही शेजारच्या घरून मागून आणलेलं होतं.